केडगावची मुक्ती

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी लोणी, उरुळी, यवत अशी स्थानके मागे टाकीत केडगावला येते आणि तेथे उतरणारी भाविक मंडळी दोन वाटांनी पांगते. काही जण नारायण महाराजांच्या बेटाकडे दत्तदर्शनाला जातात. काही जण 'मुक्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या वसाहतीकडे वळतात. दोन्ही वाटांवर धूळ सारखीच उडते, आणि दोन्हीकडे जाणाऱ्यांना विचारले तर आपण देवाच्या जवळ जात आहोत असेच ते सांगतील. माझ्यासारख्या इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला मात्र या दोहोंपैकी दुसऱ्या ठिकाणाच्या नावाचेच प्रथम कुतूहल वाटते. ख्रिस्ती संस्थांना संतांची, देणगीदारांची, फार तर गावांची नावे मिळतात. या संस्थेला वेदान्ताच्या कोशातला शब्द मिळाला, आणि तो देणारी स्त्री त्या कोशाची पाने बालपणापासून तोंडपाठ असलेली होती.

मुक्ती चार प्रकारची, असे आपले पुराणिक सांगत आले आहेत: सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता. देवाच्या लोकात राहणे ही पहिली, त्याच्याजवळ राहणे ही दुसरी, त्याचे रूप पावणे ही तिसरी, आणि त्याच्यात विरून जाणे ही चौथी. वेदान्त्यांनी चौथीला मुकुट घातला. आमच्या वारकरी संतांनी चारींनाही बाजूला सारून पुन्हा जन्म घेण्याची आणि भजनात रंगण्याची मुभा मागितली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या आश्रमाला मुक्ती हे नाव दिले तेव्हा हा चौपदरी हिशेब त्यांच्या मनात होता असे कोणत्याही कागदावरून सिद्ध करता येणार नाही, आणि तसा दावाही मी करीत नाही. तथापि त्यांचे चरित्र जितके न्याहाळावे तितके असे वाटते की त्यांना जी मुक्ती गवसली ती या चारींपैकी दुसरीच्या जातीची होती. देव जवळ आला आणि त्या जवळिकीमुळे मधली सगळी माणसे, म्हणजे शास्त्री, बिशप, सल्लागार मंडळे आणि हितचिंतक, आपोआप दूर झाली, हाच त्या मुक्तीचा अर्थ. तो अर्थ त्यांना एका दिवसात लागला नाही. त्यासाठी अर्धे आयुष्य आणि निम्मा भूगोल खर्ची पडला.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, त्यावरून शास्त्रीमंडळीत गहजब झाला, आणि ते घाटमाथ्यावरच्या गंगामूळच्या रानात घर बांधून राहिले. तेथेच 1858 साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रेला निघाले ते परत घरी आलेच नाही. तीर्थाच्या ठिकाणी देवळात किंवा नदीकाठी बसावे, पुराण सांगावे, श्रोते जे धान्य, फुले, पैसा ठेवतील त्यावर गुजराण करावी आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम होता. आईच्या तोंडून ऐकता ऐकता मुलीला भागवताचे अठरा हजार श्लोक कंठस्थ झाले. देवाला प्रसन्न करून घेण्याचे जे जे मार्ग शास्त्रात नमूद आहेत ते सर्व या कुटुंबाने इमानाने चालून पाहिले: उपास, अनुष्ठाने, ब्राह्मणभोजने, तीर्थस्नाने. मग 1874 च्या सुमारास दक्षिणेत अन्नाचा दुष्काळ सुरू झाला, आणि गाठचे सोने, भांडी, वस्त्रे दानात व पोटात गेल्यावर पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. दृष्टी गेलेल्या वृद्ध शास्त्रीबुवांनी प्राण सोडताना या धाकट्या मुलीला जवळ घेऊन, तुला मी देवाच्या हाती सोपविले आहे, तू त्याची आहेस आणि त्याचीच सेवा कर, अशा आशयाचा निरोप दिला. तो देव कोणता हे त्यांनी सांगितले नाही; सांगण्याची गरजही त्यांना भासली नसावी.

काही आठवड्यांनी रायचुराकडे आईही गेली. त्या वेळची एक गोष्ट रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. प्रेताला खांदा द्यायला ब्राह्मण मिळेनात. महत्प्रयासाने दोघे तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी सोळा वर्षांची ही मुलगी. स्मशान सुमारे तीन मैल लांब होते. मुलगी बुटकी असल्यामुळे तिच्या खांद्याला तिरडी लागेना. तेव्हा तिने आपल्या वाट्याचे ओझे डोक्यावर घेतले आणि ती वाट चालून पुरी केली. स्त्रीने स्मशानात जाऊ नये, खांदा देऊ नये, हे नियम त्या वाटेवर कोठे गळून पडले याचा कोणी पंचनामा केला नाही.

बहीणभाऊ पायी हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोहोचली, आणि तेथील विद्वानांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेदाची प्रत ठेवली. वेद स्त्रियांनी वाचू नयेत एवढेच तोवर तिने ऐकले होते. याच शहरात ही भावंडे प्रथमच एका ख्रिस्ती मेळाव्याला गेली. मंडळी प्रार्थनेसाठी उठली, वळली, आणि ज्या खुर्च्यांवर बसली होती त्यांच्यापुढे गुडघे टेकून डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागली. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात अशी या पुराणिकाच्या मुलांची समजूत झाली. पुढे त्याच रमाबाईंच्या आवारात शेकडो मुली डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करणार होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या विनोदाची गोडी वाढते.

मधला काळ भराभर सांगून टाकतो. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला, आणि मनोरमा ही तान्ही मुलगी उरली. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. वैद्यकीचा अभ्यास करावा म्हणून 1883 साली त्या विलायतेला निघाल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो अभ्यास पुढे राहून गेला.

विलायतेत वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनींनी एकदा त्यांना लंडनच्या फुलम भागातील आपले काम पाहायला पाठविले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांचे ते आश्रयस्थान होते, आणि त्या स्त्रियांची शुश्रूषा प्रतिष्ठित घरांतल्या बाया मायेने करीत होत्या. आमच्या धर्मशास्त्रात अशा स्त्रियांसाठी काय तजवीज आहे हे रमाबाईंना पाठ होते. येथली तजवीज पाहून त्या चकित झाल्या आणि त्यांनी कारण विचारले. एका भगिनीने उत्तरादाखल योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला: विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, पाच नवरे झालेली, आणि तिच्याजवळ पाणी मागून तिच्याशी बोलत बसलेला ख्रिस्त. हिंदुस्थानातली पाणवठ्याची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला या कथेचा धक्का युरोपियन माणसापेक्षा अधिक बसतो. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी काही आठवडे त्यांच्या सोबतीला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच मठात विष घेऊन प्राण दिला होता. त्या मृत्यूची छाया या बाप्तिस्म्यावर पडलेली आहे, आणि गौरवग्रंथांतून ती सहसा पुसून टाकली जाते.

बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मठातल्या मंडळींना वाटले असल्यास नवल नाही. प्रश्नाला खरा आरंभ तेथून झाला. धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, आणि त्याच आजीबाईंशी पत्रांतून त्यांनी असा कडाक्याचा वाद घातला की त्याचे पुढे एक भरभक्कम पुस्तक झाले. क्रूस गळ्यात घालायचा, तर त्यावर लॅटिन अक्षरे का? माझ्या देशातल्या बायकांना लॅटिनही कळत नाही आणि संस्कृतही कळत नाही. मग कळत नसलेलीच भाषा हवी तर आमची संस्कृत काय वाईट? चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही याबद्दल हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत मागविले गेले, आणि ते प्रतिकूल आले. तेव्हा रमाबाईंनी कळविले ते थोडक्यात असे: हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मी मोठ्या कष्टाने मान काढून घेतली आहे, ती दुसऱ्या तशाच जुवाखाली घालण्याची माझी तयारी नाही. पुडिंगात अंडे असेल तर त्या खात नसत, यावरही मठात कुरबूर होई. ज्या बाईने धर्म बदलला तिने आहार बदलू नये, हे त्या सज्जन भगिनींना शेवटपर्यंत उलगडले नाही.

या वादाचा निवाडा करायला मी बसलो तर कौल सर्वस्वी रमाबाईंच्या बाजूने देणार नाही. जेराल्डिनबाईंचा जीव या मायलेकींवर होता, आणि परंपरेच्या शिस्तीवाचून श्रद्धा भरकटते ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु रमाबाईंच्या बंडखोरीतही त्या वेळी एक उणीव होती, आणि ती त्यांनीच पुढे प्रांजळपणे कबूल केली. मोकळेपण त्यांनी मागितले होते ते बुद्धीच्या हक्काने. देवाच्या जवळिकीचा त्यात अद्याप पत्ता नव्हता.

1886 साली त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या कार्याला दहा वर्षे द्रव्यसाहाय्य करण्याचे पत्करले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदासदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींच्या जातिधर्माला धक्का लावायचा नाही, असा करार होता, आणि रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखी मातबर मंडळी सल्लागार होती. याच सदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, हे महाराष्ट्राला ठाऊकच आहे.

1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे 'फ्रॉम डेथ इन्टू लाइफ' हे आत्मचरित्र रमाबाईंच्या हाती पडले. हा गृहस्थ कित्येक वर्षे व्यासपीठावरून उपदेश करीत होता, आणि एके दिवशी आपल्याच प्रवचनाच्या मध्यावर त्याला उमगले की आपण ज्याच्याविषयी बोलतो त्याची आणि आपली ओळखच नाही. रमाबाईंनी पुस्तक मिटले आणि स्वतःचा जमाखर्च पाहिला. ख्रिस्ताचा धर्म आपण स्वीकारला, त्याची तत्त्वे तपासून मान्य केली, विधी पाळले. ख्रिस्त मात्र भेटला नाही. आठ वर्षे ख्रिस्ती राहिल्यावर एका पंडितेने स्वतःविरुद्ध दिलेला हा जबाब आहे. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी तो सविस्तर मांडला. मराठी ख्रिस्ती मंडळीत अशा निवेदनाला 'साक्ष' म्हणतात. शब्द कचेरीतला आहे खरा, पण तो नेमका आहे. कारण येथे माणूस ऐकीव सांगत नाही, पाहिलेले सांगतो. असंख्य जन्मांच्या फेऱ्यांची आणि प्रायश्चित्तांची वाट न पाहता, आहे त्या स्थितीत, आजच आपल्याला जवळ घेणारा देव आहे, ही गोष्ट कळल्यावर बाईंना जो हलकेपणा वाटला त्याचे मोल समजायला रायचुराजवळची ती तीन मैलांची वाट आठवावी लागते. तिरडी तेव्हा खाली ठेवली गेली. डोक्यावरचे ओझे या वेळी उतरले.

याचा परिणाम शारदासदनावर झाल्यावाचून राहिला नाही. बाई आपल्या खोलीत सकाळी मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. मी कोणाला बोलावीत नाही, पण दारही लावून घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात काहूर माजले, 'केसरी'ने तोफ डागली, 1893 साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. करारभंग झाला की नाही यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. माझ्या मते कराराचे शब्द अभंग राहिले आणि कराराची भावना मोडली, आणि बाईंना ते कळत असले पाहिजे. उघडे दार हेही एक प्रकारचे निमंत्रणच असते. मात्र ते बंद करायला सांगणाऱ्यांनी ज्या घरांत त्या विधवा मुली परत नेल्या त्या घरांची दारे कशी होती, याचाही विचार कोणी फारसा केला नाही.

केडगावची जमीन रमाबाईंनी घेतली ती याच धामधुमीच्या वर्षांत, आणि कारण अगदी व्यावहारिक होते. बोस्टनकरांच्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत येणार होती. शंभरेक एकरांत संत्री, लिंबे, आंबे लावावेत आणि फळांच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा हिशेब होता. भीमथडीचा हा टापू पावसाचा लहरी. तेथे आंबा लावणाऱ्या बाईला गावकऱ्यांनी मनात काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. 1896 च्या उन्हाळ्यात त्या लोणावळ्याला ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ख्रिस्ताला मानणाऱ्या पंधरा मुली होत्या. तेथे एकान्तात त्यांनी देवाजवळ मागणे केले ते गणिती थाटाचे: या पंधरांचा वर्ग करून दे, पुढच्या मेळाव्याच्या आत दोनशे पंचवीस होऊ देत. मागताना त्यांनाच ते हास्यास्पद वाटले असावे, कारण तेव्हा सदनात राहायला पन्नास-साठांहून अधिक मुलींची सोय नव्हती.

वर्ष सरण्यापूर्वीच मध्यप्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी ज्या भुकेने आईबाप नेले तीच भूक पुन्हा आली आहे हे ऐकून बाई नर्मदेकडच्या मुलखात गेल्या, दुष्काळी कामांवरच्या छावण्या त्यांनी पाहिल्या, आणि तेथे अनाथ मुलींचा कोणकोणत्या रीतीने बाजार भरतो तेही पाहिले. उवा, खरूज, तापाने गांजलेल्या मुलींच्या टोळ्या घेऊन त्या परतू लागल्या. पुण्यात प्लेगाचा बंदोबस्त सुरू झाल्यामुळे शहरात एवढी माणसे ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई झाली. तेव्हा केडगावच्या फळबागेत तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभ्या केल्या. मुक्ती जन्मली ती अशी, अधिकाऱ्यांच्या हुकुमाने आणि उघड्या रानात. सुमारे तीनशे मुली या पहिल्या खेपेस आल्या. त्याच दिवसांत सरकारी प्लेग-इस्पितळात स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध बाईंनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले आणि गव्हर्नरांची खप्पामर्जी ओढवून घेतली. ख्रिस्ती झालेली पंडिता सरकारची मिंधी असणार, हा पुणेरी तर्क त्या पत्रापुढे टिकत नाही. 1900 च्या गुजराती दुष्काळानंतर वसाहतीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार पोटांचा हा संसार चालायचा कसा? ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ पोसले, ते चरित्र रमाबाईंनी वाचले होते, आणि तोच मार्ग त्यांनी पत्करला. कोणत्याही चर्चची सनद नाही, कोणत्याही मिशनचे ठराविक वेतन नाही. विहिरी आटत, सगळे पाणी संध्याकाळपर्यंत उपसून होई, आणि सकाळी पुन्हा गरजेपुरते साचे, अशी त्या वर्षांची हकीकत सांगतात. श्रद्धाळूंनी त्यात चमत्कार पाहावा, भूगर्भवेत्त्यांनी झरा पाहावा. मला त्यात दिसते ती रोज सकाळी विहिरीत डोकावून पाहणारी बाई. मात्र प्रार्थना झाली की हात जोडून बसण्याचा तेथे प्रघात नव्हता. माग होते, तेलाचा घाणा होता, गाईगुरे होती, छापखाना होता. शिवण, धुलाई, स्वयंपाक, शेती, सगळी कामे बायकाच करीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन, आणि आंधळ्यांसाठी निराळे सदन होते. शुभवर्तमानातल्या बार्तीमय आंधळ्यावरून त्याला बार्तीमी हे नाव मिळाले. फुलममध्ये पाहिलेले ते दृश्य भीमथडीच्या मातीत असे रुजले.

1905 च्या जानेवारीत बाईंनी मुलींना विचारले, रोज एकत्र जमून प्रार्थना करायला कोण कोण तयार आहे? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या पाचशेंच्या वर गेल्या. वेल्समध्ये झालेल्या धर्मजागृतीच्या वार्ता तोवर येऊन पोचल्या होत्या. जूनच्या 29 तारखेच्या पहाटे एका शयनगृहात एक मुलगी ओरडत उठली, की तिच्या अंगाला आगीने वेढले आहे. दुसरीला ती आग दिसली. तिने धावत जाऊन पाण्याची बादली आणली आणि ओतण्यासाठी उचललीही; तेवढ्यात तिच्या लक्षात आले की मुलगी जळत नाही. ही हकीकत मिनी अब्रॅम्स या मुक्तीतच काम करणाऱ्या अमेरिकन बाईंनी नोंदून ठेवली आहे. अग्नीचे स्वरूप काय होते याची चिकित्सा करण्याचा मला अधिकार नाही. बादलीवर मात्र माझा पूर्ण विश्वास बसतो. दर्शन रचून सांगणारा माणूस त्यात बादली घालीत नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी रमाबाई नेहमीच्या शांत रीतीने योहानाचा आठवा अध्याय शिकवीत होत्या. सत्य माणसाला बंधनातून सोडवील, आणि जो पापाचा दास आहे त्याला पुत्रच मोकळे करू शकेल, हे ख्रिस्ताचे सांगणे त्याच अध्यायात येते. शिकविता शिकविता मुली मोठ्याने रडू लागल्या, आपापली पापे सांगू लागल्या, आणि बाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक आठवडे शाळा, माग, छापखाना यांची वेळापत्रके कोलमडली. कोणी चोरलेला खडू परत आणून दिला असेल, कोणी मैत्रिणीची क्षमा मागितली असेल. त्या कबुलीजबाबांची नोंदवही नाही, आणि नाही हेच बरे. एवढे खरे की दुष्काळात उचलून आणलेल्या, स्वतःचे वयही न जाणणाऱ्या या मुली आता टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत जाऊन आपली साक्ष सांगू लागल्या. ज्यांना समाजाने कधी काही विचारले नव्हते त्यांना आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे असे वाटणे, ही मुक्ती कोणत्याही व्याख्येत बसते. अब्रॅम्सबाईंनी यावर लिहिलेली पुस्तिका चिली देशातल्या त्यांच्या जुन्या सहाध्यायिनीच्या हाती पडली आणि तिच्यापासून तेथे 1909 साली मोठी चळवळ उभी राहिली. केडगावचा उल्लेख त्यामुळे दक्षिण अमेरिकेच्या चर्च-इतिहासात सापडतो; महाराष्ट्राच्या इतिहासात तो शोधावा लागतो.

गोंगाटाच्या या प्रार्थनांवर टीकाही झाली. हे वातरोगाचे झटके आहेत असे काही पाद्रीच म्हणाले. मुलींना भावनेच्या लोंढ्यात हवे ते दिसते, आणि जिथे अन्न, वस्त्र, निवारा सर्व एकाच हातून मिळते तिथे त्या हाताचा देवच आपला देव होतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुक्तीच्या आवारात रमाबाईंचा शब्द शेवटचा असे. ज्या बाईने बिशपांचा अंमल झुगारला तिच्या अंमलाला मुक्तीत कोणी आव्हान दिल्याचे दिसत नाही. देवाच्या निकट गेलेल्या माणसाला इतरांची मध्यस्थी नकोशी होते; पण तोच माणूस नकळत इतरांचा मध्यस्थ होऊन बसतो. आमच्या मठपरंपरेत हे अनेकदा घडले आहे. येथेही ते थोडेफार घडले असे माझे मत आहे.

याच संदर्भात नारायण वामन टिळकांची आठवण होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या या कवीने 1917 साली मिशनची चाकरी सोडली, संन्यास घेतला, साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखेच बसविले. दीड-दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार उठला. रमाबाईंची मुक्ती टिकली, कारण तिच्यात माग होते, घाणा होता, विहिरी होत्या. पण टिळकांनी ज्या पुलाचे ऋण मानले तो पूल रमाबाईंनी आपल्यापुरता मोडून टाकला होता. त्या वाटेवर आईबाप मेलेले ज्याने पाहिले त्याने ते का केले हे कळते. तरी मराठी भाषेचे त्यात नुकसान झाले हेही नमूद केले पाहिजे.

कारण त्यांच्या शेवटच्या कामावर त्या मोडलेल्या पुलाचीच खूण आहे. प्रचलित मराठी पवित्र शास्त्र संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, आणि त्यातल्या पुष्कळ शब्दांना जुन्या देवधर्माचा वास येतो, असे त्यांना वाटे. तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास आरंभिला आणि संपूर्ण शास्त्र मुळातून मराठीत आणण्याचे काम एकटीने शिरावर घेतले. अठरा हजार श्लोक ज्या जिभेवर खेळले तिने एकेक संस्कृत शब्द पारखून बाजूला ठेवावा आणि मोलकरणीला समजेल असा शब्द शोधावा, याहून कठोर वैराग्य मला ठाऊक नाही. आवारातल्या मुलीच खिळे जुळवीत आणि मुद्रिते तपाशीत. आईला मदत करणारी मनोरमा 1921 च्या जुलैत गेली. आजारी बाई मुद्रिते तपाशीत राहिल्या. काम पुरे होण्यापुरते दिवस त्यांनी देवाजवळ मागून घेतले असे मुक्तीत सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या.

ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात 1924 साली छापून पुरे झाले. मंडळ्यांनी ते उपासनेत घेतले नाही; रविवारी देवळांतून वाचले जाते ते दुसरेच.